नाव घ्यावं लागेल

"मावशी, मुलीनं नाही, तुम्ही सांगायचं. मिस्टरांचं नाव काय?" मोबाइलवर पेन्शन कार्यालयातले साहेब विचारत होते.

"ह्यांचं?" आईनं बाबांचा सुभेदाराच्या गणवेशातला फोटो कॅमेऱ्यासमोर धरला. "बघा की. हेच."

"फोटो दिसतोय. नाव सांगा."

बाबा गेल्यावर मी आईला माझ्याकडे मस्कतला आणलं होतं. ती हयात आहे याची आज खात्री पटली नाही, तर बाबांच्या मागे तिला मिळणारी पेन्शन थांबणार होती. पण अख्ख्या संसारात तिनं बाबांना 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती. नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात, आणि बाबा गेल्यापासून तिला उखाणा घ्यायला कुणी सांगितलंच नव्हतं.

"मावशी, नावाशिवाय माझं काम पुढं सरकत नाही हो," साहेब काकुळतीला आले.

आईनं डोक्यावर पदर घेतला. घसा खाकरला.

"सीमेवर दरारा, घरात नुसता खोकला,
सर्जेरावांचं नाव घेते, द्या हयातीचा दाखला!"

साहेबांच्या मागे अख्ख्या कार्यालयानं टाळ्या वाजवल्या. "दिला, मावशी, दिला!" साहेब हसत म्हणाले.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला. ओट्यावर बाबांचा फोटो, शेजारी दोन कप.

"सर्जेराव, घ्या चहा. गार होतोय."

मी दारातच थबकले.

"बघतेस काय?" आई म्हणाली. "सरकारनंच घ्यायला लावलं ना नाव!"