मुक्काम

"जित्या माणसाला मसनवट्यात न्यायचं व्हय, मावशी? माज्या बैलांचा पाय न्हाई उचलायचा."

छगन गाडीशेजारी तसाच उभा राहिला. समोर ओट्यावर शेजारच्या रतनबाई गोधडीला टेकून बसल्या होत्या. पोटात गाठ होती. दवाखान्यानं 'आता घरीच न्या' म्हणून सांगितलं होतं. हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. पण अंगावर धुतलेलं लुगडं होतं, अंबाडा नीट बांधलेला होता आणि मांडीवर पाण्यानं भरलेला तांब्या होता.

"बैलांचं मी बघते," त्या म्हणाल्या. "तू नुसती गाडी जुप."

दुष्काळाचा उन्हाळा होता. धडधाकट माणसं पहाटेच खडी फोडायला कामावर जायची आणि अंधार पडल्यावर परत यायची. दमल्याभागल्या, अर्धपोटी माणसांना ऐनवेळी कबर खणायला कसं लावायचं, म्हणून रतनबाईंनी लेकाला, भिमाजीला, आधीच खणायला पाठवलं होतं. ती जागा एकदा डोळ्यांनी बघायची, एवढाच त्यांचा हट्ट होता.

छगननं त्यांना उचलून गाडीत ठेवलं. कडब्याची पेंढी वजनाला जास्त भरली असती. त्यानं बैलांना उगीचच शिवी हासडली.

गावाबाहेर ख्रिस्ती लोकांच्या कबरस्तानात भिमाजी कमरेएवढ्या खड्ड्यात उभा होता. पहार बाजूला पडली होती. गाडीत आईला बघून तो छगनवर ओरडला, "हिला कशाला आणली रं हितं?"

"मीच आले," रतनबाई म्हणाल्या. "छगन, काठावर बसव मला."

छगननं बसवलं. पाटाच्या कडेला बसावं तशा त्या खड्ड्यात पाय सोडून बसल्या आणि तांब्या पुढे केला. "घे, पानी पी आधी."

भिमाजीनं घोटभर घेतलं आणि तांब्या तसाच हातात धरून तो खाली बसला. "मुरूम लागलाय, आई. पहार उलटी येतीया. माज्याच्यानं न्हाई व्हायचं."

मुरूम लागला होता हे खरंच. पण तो मुरमासाठी रडत नव्हता.

रतनबाईंनी त्याच्या हातातला तांब्या परत घेतला. मग त्यांनी विचारलं, "रविवारी देवळात उभा राहून काय म्हनतोस? मेलेले उठतील, असंच ना?"

"म्हनतो."

"नुसतं तोंडानं?"

भिमाजी बोटानं मुरमाचा खडा उकरत राहिला.

"अरं, मी काय हितं कायमची ऱ्हायला आले का? मुक्काम हाय ह्यो. उजाडलं की मालक हाक मारंल, मी उठंन. मुक्कामाच्या जागंसाठी कुनी येवढं रडतं व्हय?" बोलता बोलता कळ आली. त्यांनी डोळे मिटले, ओठ आवळले, ती जाऊ दिली. मग म्हणाल्या, "डोकं मावळतीकडं ठिवा माजं. उठल्यावर तोंड उगवतीला पायजे. आन् लई खोल नको खनूस बाबा. उठताना मला दम लागंल."

भिमाजीला रडता रडता हसू फुटलं. नाक पुसून त्यानं पहार उचलली.

छगन इतका वेळ बैलांपाशी उभा होता. परक्या धर्माची माती, त्यात मसनवट्याची. घरात कळलं असतं तर बायकोनं उंबऱ्याबाहेरच अंघोळ घातली असती. त्यानं सदरा काढून गाडीच्या खुंटीला अडकवला आणि फावडं घेऊन तो खाली उतरला. दोघांनी मिळून सूर्य कलायच्या आत मुरूम फोडला. रतनबाई काठावरून बघत होत्या. शेत बघायला आलेल्या बाईसारखं त्यांचं तोंड निवांत होतं.

परतताना छगननं मागं न बघता विचारलं, "मावशी, खरं सांगा. भ्या न्हाई वाटत?"

"वाटतं की. दुखनं उठलं का लई वाटतं." चाकांच्या आवाजात त्यांचा आवाज बारीक ऐकू आला. "मरायचं भ्या वाटतं, छगन. मेल्यानंतरचं न्हाई."

त्याच आठवड्यात, भर दुपारी, त्या गेल्या. कामावरून माणसं आली ती हातपाय न धुताच निघाली. देवळातल्या पाळकांनी प्रार्थना केली. गीताची पहिली ओळ भिमाजीनंच उचलली. त्याचा आवाज फाटला, तरी त्यानं मधे सोडली नाही. माती लोटली गेली. माणसं पांगली.

छगन गाडी वळवत होता. भिमाजी मातीच्या ढिगाजवळ वाकला, सैल माती हातानं थापटली आणि म्हणाला, "येतो, आई."

छगन दचकला. मसनवट्यातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. मुकाट्यानं पाठ फिरवायची, मागं वळून बघायचं नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. त्यानं भिमाजीच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि कासरा हातात घेतला.

बैल चालू लागले. कबरस्तानाच्या कुंपणापाशी छगननं कासरा ओढला, गाडी थांबवली आणि मागं वळून पाहिलं.

"येतो, मावशी," तो म्हणाला.