न झालेल्या फाळणीचं आख्यान

कीर्तनाच्या उत्तररंगात नरहरबुवांनी आज नवंच आख्यान लावलं होतं. फाळणी झालीच नाही, असा देश. तिथं कुणाला गाव सोडावं लागलं नाही. पखवाज रंगला, देऊळ डोलू लागलं.

पुढ्यात बसलेल्या, बुवांच्या घराशेजारच्या द्वारकाकाकू म्हणाल्या, "मग आपले हकीमसाहेबही गेले नसते. तुम्ही राहिला असता कुठं हो, बुवा?"

लोक हसले. बुवांच्या हातातली झांज थांबली. चेष्टेवारी नेऊन पुढचं पद धरता आलं असतं. पण नारदाच्या गादीवर उभं राहून खोटं कसं बोलायचं?

"देशाचं जाऊ द्या, काकू," ते मान खाली घालून म्हणाले. "आपलं गाव शांतच होतं. हकीमसाहेबांनी कराचीहून 'परत येऊ का?' विचारलं, तेव्हा वडिलांनी 'इथं दंगल पेटलीय' म्हणून कळवलं. त्यांच्या घरात आम्ही अजून राहतो."