परतीची परवानगी

“वहिनी जातील, पन परत येनार नाय,” पासपोर्ट मिटत केतन म्हणाला.

हिरामणने चहा खाली ठेवला. परवा सकाळचं विमान होतं. त्याची बायको शेवंताबाई आणि सून मारिसेल नेपाळला, पशुपतिनाथाला निघाल्या होत्या. बोनकोडे गावातल्या निम्म्या बायकांनी त्यांच्याकडे रुद्राक्ष सांगून ठेवले होते.

केतन हिरामणचा पुतण्या. न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनरची कागदपत्रं बघायचा, म्हणून भावकीने त्याला व्हिसाचाही जाणकार ठरवून टाकलं होतं. त्याने मालाच्याच भाषेत समजावलं.

“काका, आपल्याला नेपाळला काय लागत नाय. वोटर कार्ड दाखवलं की झालं. वहिनी पडल्या फिलिपिन्सच्या. नेपाळवाले त्यांना उतरल्यावर विसा देतील, तो लोचा नाय. पन त्यांचा आपल्याकडचा विसा एकदाच आत यायचा हाय. माल एक्स्पोर्ट झाला की री-इम्पोर्टला वेगळी परवानगी. ती आदी काढायला पायजे होती.”

हिरामणचा मुलगा विपुल जहाजावर नोकरीला. मनिलात लग्न करून त्याने बायको घरी आणून सोडली आणि स्वतः पुन्हा जहाजावर चढला. शेवंताबाईने पहिल्याच दिवशी तव्यावर सुकट टाकली. परदेशी पोरगी वासानेच पळेल, असा तिचा अंदाज. पोरीने मनापासून वास घेतला आणि बशी पुढे केली. तिच्याही गावी घरोघर मासळी वाळत पडलेली असायची. वर्षभरात ती सासूची बोली शिकली, मग सासूचा चिंबोऱ्यांचा, म्हणजे खेकड्यांचा, रस्सा शिकली. इथवर ठीक होतं. पण त्यात ती काय घालायची कोण जाणे, रस्सा सासूपेक्षा चांगला व्हायला लागला. शेजारणी वाट्या घेऊन यायच्या आणि शेवंताबाईला ओलांडून थेट आत जायच्या. लग्न झाल्यापासून ज्या चुलीवर तिचं राज्य होतं, तिथे आता तिला ‘आय, तुमी बसा’ असं ऐकावं लागे. हे तिच्या जिव्हारी लागलं होतं. सून वाईट असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

आणि अचानक शेवंताबाईला सुनेच्या प्रेमाचं भरतं आलं. पशुपतिनाथ स्वप्नात आले, सुनेला घेऊन ये म्हणाले. देवाने मनिलाच्या ख्रिस्ती पोरीची इतकी आठवण काढावी, यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. हिरामणचे तर डोळे भरून आले होते.

“मंग मारीला ऱ्हाव दे,” तो आता म्हणाला. “तू एकटी जा.”

“देवानं दोगींना बोलवलाय,” शेवंताबाई म्हणाली. “आनि तिकरशी तिचा म्हायेर जवल परल. ऱ्हाईल थोरे म्हयने.”

केतनने मान खाली घातली. काकीने हाच नियम त्याला मागे खोदून खोदून विचारला होता, तेव्हा तिच्या सांगण्यात सून दुसऱ्या कुणाची तरी होती. हिरामणच्याही डोक्यात उशिरा का होईना उजेड पडला.

“म्हंजे तुला म्हाईत व्हता?” तो म्हणाला. एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण त्याच्या मनातलं तोंडातून निसटलं. “आनि चिंबोऱ्या कोन करील?”

“मी काय मेली?” शेवंताबाई म्हणाली. एवढी वर्षं तिच्याच हातचं खाऊन सुटलेलं पोट तिला हे विचारत होतं.

मारिसेल दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती येऊन सासूला चिकटून बसली आणि तिच्याच पदराला हात पुसले.

“टेन्शन नका घेव, आय,” ती म्हणाली. “परत येन्याची परवानगी मी कवाच काढलीय, मोबाइलान हाय. तिकिटा पन मीच काढल्यान. माजा येन्याजान्याचा, तुमचा निस्ता जान्याचा.”