पिवळं बटण

"माझा मोतीबिंदू तुम्ही अर्ध्या तासात काढलात. मग हिला तिसऱ्यांदा माघारी का धाडता? हिचे डोळे तर माझ्याहून लहान!" शिंपीआजोबा डोळ्यांच्या डॉक्टरांवर तडकले. सहा वर्षांची नात त्यांचं बोट धरून उभी होती. दोन वर्षांत तिच्या दोन्ही डोळ्यांवर दुधाळ पडदा चढला होता.

"आजोबा, तुम्ही गुमान पडून राहिलात. हे लेकरू हलणारच. हिला पूर्ण झोपवावं लागतं आणि लहान मुलांना भूल देणारं आमच्याकडे कुणी नाही," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "वरती मागणी केलीय."

चौथ्या खेपेला मात्र भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई रुजू झाल्या होत्या. त्यांनी नातीच्या नाकातोंडावर मास्क धरला, "फुगा फुगव बघू," म्हणाल्या, आणि पाच-सहा फुंकरींत पोर गाढ झोपली. बाहेर आजोबांचा जीव टांगणीला लागला.

दुसऱ्या दिवशी उजव्या डोळ्याची पट्टी निघाली. नात डोळा किलकिला करून आजोबांकडे टक लावून बघत राहिली.

"आजोबा, तुमच्या शर्टाची सगळी बटणं पांढरी आहेत आणि एकच पिवळं!"

अख्खा वॉर्ड हसला. शिवणीत खोट काढणाऱ्या गिऱ्हाइकाला आजवर दुकानात उभंही न करणारे आजोबा डोळे पुसत तिच्यासमोर ताठ उभे राहिले.

"अजून काय चुकलंय? बघ बाळा, नीट बघ."