शिडाचं ठिगळ

"ठिगळ शिडाच्या वरच्या टोकाला होतं, काका. पांढरं. आणि होडीचा काठ लाल."

चित्रकाराने चिठ्ठीवर लिहिता लिहिता वर पाहिलं. "फोटो नाही?"

"फोटो काढायला होडी परत कुठे आली?"

तिच्या कडेवरचं बाळ ब्रशांच्या डब्यावर झेपावलं. तिने त्याची मूठ धरली. "याला जिथे तिथे मदत करायची असते."

"करू दे. धुतलेले आहेत."

माडीवरची ती एकच खोली. एक खुर्ची, एक कप, एक ताट. भिंतीवर चेहरे, फुलं, घोडे. बंदराचं गाव असून होडी एकही नव्हती. समुद्राकडच्या खिडकीला कपाट टेकवून ठेवलं होतं.

"होड्या मला जमत नाहीत," तो म्हणाला. "दुसरं कुणी बघा."

"आईसाठी हवंय हो. तिची नजर चाललीय. डॉक्टर म्हणतात, फार तर दोन महिने. दिसतंय तोवर आमची होडी एकदा बघायचीय तिला."

तो टोक असलेल्याच पेन्सिलीला टोक काढत बसला.

"होडीवर कोण होतं?"

"बाबा आणि मामा. वादळानंतर चौथ्या दिवशी मामा सापडला. बाबा नाहीच. मी तेव्हा रांगत होते. बाबांचा हात फार चांगला होता म्हणे. किनाऱ्यावरच्या सगळ्या होड्यांची नावं तेच रंगवायचे."

"पाठचा भाऊ गेला तुझ्या आईचा. राग आला असेल."

"कुणाचा? वादळाचा?"

त्याच्या हातातल्या पेन्सिलीचं टोक मोडलं.

"आईचं आपलं एकच," ती म्हणाली. "भावासाठी रडून झालं. नवऱ्यासाठी अजून रडलेली नाही."

"आठवड्याने ये," तो म्हणाला.

त्या आठवड्यात त्याने दुसरं कुठलंच काम हातात घेतलं नाही. चिठ्ठीत होतं तसं पांढरं ठिगळ काढलं, लाल काठ काढला. लांब उभा राहून पाहिलं आणि फडक्याने पुसून टाकलं. पुन्हा काढलं, पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा त्याने चिठ्ठी उलटी करून ठेवली.

ती आली तेव्हा चित्र तयार होतं. शीड वाऱ्याने टम्म फुगलेलं. काठ हिरवा. ठिगळ खाली, दोरीच्या कोपऱ्याशी, निळ्या कापडाचं. त्यावर बारीक पांढरी फुलं.

"सांगितलंस तसं नाही झालं," तो घाईघाईने म्हणाला. "लाल रंग संपला होता. बदलून देतो."

ती बघतच राहिली. मग म्हणाली, "याला धरा जरा."

काठोकाठ भरलेली कळशी धरावी तसं त्याने बाळाला धरलं. बाळाने त्याची दाढी मुठीत पकडली.

तिने फुलांवरून हलकेच बोट फिरवलं. रंग अजून ओला होता.

"बदलू नका. तुमच्याआधी चार गावांतले चार चित्रकार झाले. चौघांनीही मी सांगितलं तस्संच काढून दिलं. पांढरं ठिगळ, लाल काठ. चारही चित्रं घरी पडून आहेत. त्यांतली एकही होडी आमची नाही."

त्याने मान वर केली नाही. दाढीही सोडवून घेतली नाही.

"आई खाली गाडीत बसलीय," ती म्हणाली. "तिला जिना चढवत नाही, बाबा."