पाळकीणबाईंची कादंबरी

तो तिचा मुका घेतो ते पान मी दोनदा वाचलं, असं गायनमंडळाच्या मावशींनी कबूल केलं आणि चर्चच्या मागच्या हॉलमध्ये हशा पिकला. पाळकसाहेबही हसले. हसावंच लागलं, कारण कादंबरी त्यांच्या बायकोने लिहिली होती.

खुर्च्या गोल मांडल्या होत्या. एरवी रविवारची उपासना संपली की या लोकांना घरी जायची कोण घाई! प्रवचन जरा लांबलं की जो तो मनगटाकडे बघायला लागे. आज मात्र कुणी हलायला तयार नव्हतं. गुप्तहेर मुलगी स्वयंपाकीण बनून शत्रूच्या छावणीत कशी शिरते, तिथलाच एक अधिकारी तिच्या प्रेमात कसा पडतो, आणि एकाच बायबलवर हात ठेवून दोघं एकमेकांशी खोटं कसं बोलतात, यावर सगळे तुटून पडले होते. विमा एजंट छातीठोकपणे सांगत होता की त्याला शेवट आधीच कळला होता. सरकारी दवाखान्यातल्या नर्सचं म्हणणं, गोळीची जखम इतक्या लवकर भरत नाही. पण तिनेही पुस्तक जागरण करून फस्त केलं होतं.

पाळकीणबाई दाराजवळ चहाच्या थर्मासपाशी उभ्या होत्या. कुणी काही चांगलं बोललं की त्या लाजत आणि हळूच नवऱ्याकडे बघत. पुस्तक येऊन कितीतरी महिने झाले होते. ओळखीपाळखीच्या सगळ्यांनी काही ना काही मत दिलं होतं. नवऱ्याने अजून चकार शब्द काढला नव्हता. विचारलं की ते म्हणत, सवड होऊ दे.

वाचली होती त्यांनी. ऑफिसचं दार लावून, एका बैठकीत. चांगली आहे हे कळलं तेव्हापासून पोटात जे दुखायला लागलं ते अजून थांबलं नव्हतं. आपण आठवडाभर डोकं खाजवून प्रवचन तयार करायचं आणि लोकांनी ते दारातच झटकून जायचं. हिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कुकरच्या शिट्या मोजत लिहायचं आणि ते लोकांना तोंडपाठ. हेवा हे केवढं मोठं पाप आहे, यावर त्यांची स्वतःचीच चांगली तीन-चार प्रवचनं होती.

मग आज सगळ्यांसमोर त्यांनी एक बारीकशी शंका काढली. नायिका बायबलवर हात ठेवून खोटं बोलते, तर तरुण मुलांनी यातून काय घ्यायचं? आवाज त्यांनी मवाळच ठेवला होता. तरी मावशींनी मांडीवरचं पुस्तक मिटलं. पाळकीणबाईंनी हातातला कप खाली ठेवला. पाळकसाहेबांना बरं वाटलं. बरं वाटलं याची लाजही वाटली, पण आधी बरं वाटलं.

तेवढ्यात मागच्या खुर्चीतून दातांचे डॉक्टर बोलले. बायको गेल्यापासून त्यांनी चर्चची पायरी चढली नव्हती. पाळकसाहेब त्यांच्या घरी खेपा घालून थकले होते. डॉक्टर प्रार्थना ऐकून घेत, हसत, आणि 'बघू' म्हणून दार लावून घेत. आज ते आलेले दिसले तेव्हा पाळकसाहेबांना वाटलं होतं, खेपा फळाला आल्या.

"ती कोठडीत असते तो भाग," डॉक्टर म्हणाले. "ती देवाला म्हणते, तुझ्यासाठी सगळं सोडलं आणि तू तोंड फिरवून बसलास. देवाशी असं बोलायचं नसतं, अशी माझी समजूत होती. साहेब, तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करायचात. फार सुंदर करायचात. पण त्यात मी कुठेच नव्हतो. काल ते पान वाचलं आणि घरात एकटाच मोठमोठ्याने भांडलो त्याच्याशी. मग आज आलो."

नर्सने डोळे पुसले. पाळकीणबाई आता नवऱ्याकडे बघत नव्हत्या, फरशीकडे बघत होत्या.

मावशींनी वेळ ओळखली आणि साहेबांनी समारोपाची प्रार्थना करावी, असं सुचवलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. निदान हे काम तरी अजून पाळकसाहेबांचंच होतं. त्याला तयारी लागत नसे. तोंड उघडलं की शब्द आपोआप रांगेत उभे राहत.

"हे दयाळू पित्या," ते म्हणाले आणि थांबले. पुढचं वाक्य आलं होतं, पण डॉक्टरांसमोर ते म्हणवेना. ते इतका वेळ थांबले की विमा एजंटाने एक डोळा उघडून पाहिलं.

"मला हेवा वाटतोय," पाळकसाहेब म्हणाले. आवाज घरात बोलतात तसा होता. "इतकी वर्षं मी तुझ्यापुढे गुडघे झिजवतोय. आणि शब्द तू तिला दिलेस. मला राग आलाय तुझा. पुस्तक चांगलं आहे. फार चांगलं आहे. ते मला तिला सांगता येत नाही म्हणून तुला सांगतोय. इतके दिवस ती माझ्या तोंडाकडे बघतेय आणि मी..."

"आमेन," मागून डॉक्टर खणखणीत म्हणाले.

पाळकसाहेबांची प्रार्थना अजून संपली नव्हती.