सर्वांत जवळचं बेअरिंग

पाळण्याची शेवटची फळी कोरायची राहिली होती आणि नेमकं वामनरावांच्या हौसेच्या सीएनसी मशीनचं बेअरिंग गेलं. चण्याएवढं, सिरॅमिकचं; बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. पुण्या-मुंबईच्या दुकानदारांनी हात वर केले, तेव्हा त्यांनी टॅबवर शोध घेतला. जगातला कुठलाही सुटा भाग आता तिथे दिसायचा. कुठे आहे, कधी मोकळा होईल, सगळं.

एकच ठिपका उमटला. सांगलीत, त्यांच्याच घरात.

वामनरावांना हसू आलं. जुन्या डब्यात पडलं असेल म्हणून ते उठले, तर ठिपका सरकला. स्वयंपाकघरातून जिन्याकडे, जिन्यावरून माडीवर. दारात त्यांची बायको शरयू चहा घेऊन उभी होती. गेल्या आजारपणात तिच्या हृदयाला छोटा पंप बसवला होता.

त्यांनी पुन्हा टॅबकडे पाहिलं. ठिपक्याखाली लिहिलं होतं : ‘सध्या वापरात. हृदयाची स्थिती पाहता दिवाळीनंतर मोकळं होईल. संबंधित व्यक्तीला कळवलेलं आहे.’

लेकीचं बाळंतपण पौषात होतं, तरी शरयू श्रावणापासून मागे लागली होती, पाळणा दिवाळीच्या आत झाला पाहिजे म्हणून.

“मिळालं का हो बेअरिंग?” शरयूनं विचारलं.

वामनरावांनी टॅब पालथा ठेवला. तिच्याकडे बघवेना, म्हणून ते फळीवरून हात फिरवत राहिले.

“नाही मिळालं. हातानंच कोरतो,” ते म्हणाले. “दिवाळीच्या आत होईल.”